तंतुयुक्त छापील प्लॅस्टिक कायमच्या भाराखाली आणि उष्णतेत किती वाकते, हे स्वतः कसे मोजावे

थ्रीडी प्रिंटरमध्ये बेल्ट ओढून धरणारी स्टेपर मोटर ज्या ब्रॅकेटवर बसवलेली असते, त्या ब्रॅकेटचे काम वरवर पाहता अगदी साधे असते. बेल्टचा ताण काही किलोच्या वजनाएवढाच असतो आणि त्याच्या कितीतरी पट भार तो ब्रॅकेट क्षणभर सहज पेलू शकतो. परंतु हा ताण रात्रंदिवस लागू असतो, आणि चालू मोटरचे अंग ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. काही वर्षांपूर्वी मी कार्बन फायबर मिसळलेल्या पीएलए या छपाईच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा असा एक ब्रॅकेट छापून बसवला होता. हातात घेतला तर तो विलक्षण ताठ वाटत असे. तीन आठवड्यांनी मोटर बेल्टच्या दिशेने उघडपणे झुकलेली दिसली. ब्रॅकेटला कुठे तडा नव्हता, थर सुटले नव्हते. तो फक्त सावकाश वाकत गेला होता आणि बेल्ट सोडल्यावरही पूर्ववत झाला नाही. नव्याने या कामात येणाऱ्यांनी असा भाग बसवण्याआधी कोणती चाचणी करावी, ती कशी करावी आणि तिच्यातून मिळालेला आकडा कसा वापरावा, हे या लेखात सांगितले आहे.

आधी काय घडते ते समजून घ्या

भार तोच राहूनही वस्तूचे विरूपण काळाबरोबर वाढत जाते, त्याला क्रीप म्हणतात. याचेच दुसरे रूप म्हणजे शिथिलन: येथे विरूपण बांधून ठेवलेले असते आणि आतला ताण काळाबरोबर ओसरत जातो. घट्ट पिळलेला बोल्ट महिन्याभराने हाताने फिरू लागतो, तो शिथिलनामुळे. दोन्हींचे मूळ एकच आहे. प्लॅस्टिकमधील लांब रेणुशृंखला एकमेकींवरून हळूहळू सरकत असतात, आणि तापमान वाढले की हे सरकणे फार वेगाने होऊ लागते. काच-संक्रमण तापमानाच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिक मऊ पडू लागते त्या तापमानाच्या, जवळपास तर काही अंशांच्या फरकानेही चित्र पालटते. छपाईच्या प्लॅस्टिकांपैकी पीएलएसाठी हे तापमान साधारण ५५ ते ६० अंश, पीईटीजीसाठी सुमारे ८०, एबीएससाठी सुमारे १०५ आणि पॉलिकार्बोनेटसाठी १४५ अंशांच्या आसपास असते. माझा ब्रॅकेट का झुकला, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. व्होरॉन या मुक्त आराखड्याच्या प्रिंटरचे भाग एबीएस किंवा एएसएमध्ये छापावेत अशी शिफारस केली जाते, तीही याच कारणाने.

आता फायबरचा प्रश्न. आपण वापरतो त्या तापमानांना कार्बनचे आणि काचेचे तंतू जवळजवळ अजिबात सरकत नाहीत. सरकते ते त्यांच्या भोवतीचे प्लॅस्टिक. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फिलामेंटमध्ये, म्हणजे छपाईसाठीच्या प्लॅस्टिकच्या तारेत, वजनाने १० ते २० टक्के तुटक तंतू असतात. त्यांचा व्यास सुमारे ७ मायक्रॉन असतो आणि लांबी मिलिमीटरच्या एका लहान अंशाएवढीच असते. अशा तुकड्यापर्यंत भार पोहोचतो तो प्लॅस्टिकमधूनच, आणि पुढच्या तुकड्याकडे जातानाही त्याला प्लॅस्टिकमधूनच जावे लागते. म्हणून तंतूंमुळे सुरुवातीचे वाकणे कमी होते आणि पुढची वाढही कमी होते. पण कोणत्या तापमानाला प्लॅस्टिक मऊ पडायचे, हे मूळ प्लॅस्टिकच ठरवते. पीएलएमध्ये कार्बन मिसळल्याने त्याचे काच-संक्रमण तापमान वर जात नाही. नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत येथेच होते, म्हणून हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहिले आहे.

अखंड तंतू घालणाऱ्या यंत्रांचे गणित काहीसे वेगळे असते. मार्कफोर्ज्ड या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये असे पहिले यंत्र जाहीर केले. त्यात तंतू भागाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातो आणि त्याच्या दिशेने ताणल्यास क्रीप फारच थोडा होतो. मात्र तंतू थराच्या पातळीतच असतात. एका थरातून वरच्या थरात ते जात नाहीत. थर एकमेकांपासून ओढणाऱ्या भारासमोर उभे असते ते निव्वळ प्लॅस्टिक. शिवाय दाबाखाली तंतूला बाजूने आधार देण्याचे कामही प्लॅस्टिकच करते, त्यामुळे ते मऊ पडले की दाबाच्या बाजूचे तंतू सूक्ष्म प्रमाणात वाकू लागतात.

माहितीपत्रकातील एचडीटीचा आकडा नीट वाचा

फिलामेंटच्या माहितीपत्रकावर एचडीटी, म्हणजे उष्णतेमुळे वाकण्याचे तापमान, ठळकपणे छापलेले असते. मार्कफोर्ज्डच्या ऑनिक्स या कार्बनमिश्रित नायलॉनसाठी ते ०.४५ मेगापास्कल प्रतिबलाला (म्हणजे एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या जोराला) १४५ अंश दिलेले असते. हे वाचून भाग १२० अंशांवर निर्धास्त चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून असा आकडा कसा मिळतो ते पाहू.

आयएसओ ७५ या मानकात ८० मिमी लांब, १० मिमी रुंद आणि ४ मिमी जाड पट्टी ६४ मिमी अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मध्यभागी भार देतात आणि तापमान ताशी १२० अंशांच्या वेगाने चढवत नेतात. सुरुवातीच्या वाकण्यात ०.३४ मिमीची भर पडली की ते तापमान नोंदवतात. म्हणजे पट्टीला प्रत्येक अंशावर जेमतेम अर्धे मिनिट मिळते. दुसरे असे की ०.३४ मिमी म्हणजे ०.२ टक्के विकृती (लांबीतील सापेक्ष बदल), आणि ०.४५ मेगापास्कलला इतकी विकृती होत असेल तर त्या क्षणी पदार्थाची ताठरता सुमारे २०० मेगापास्कलपर्यंत उतरलेली असते. खोलीच्या तापमानाला हाच पदार्थ दोन ते तीन हजार मेगापास्कलचा असतो. थोडक्यात, एचडीटी हे पदार्थ आपली बहुतेक ताठरता गमावून बसल्याचे तापमान आहे, आणि तेही तासाभराच्या चाचणीतले. दोन फिलामेंटची ढोबळ तुलना करायला ते उपयोगी पडते, भाग सहा महिने टिकेल का हे ठरवायला नाही.

पायरी १: आपल्या भागाची परिस्थिती कागदावर मांडा

चार गोष्टी लिहून काढा: भार किती आणि कोणत्या दिशेने लागतो, तो दिवसातून किती तास लागतो, भागाचे स्वतःचे तापमान जास्तीत जास्त किती होते आणि हवेत दमटपणा किती असतो. तापमान खोलीचे नको, भागाचे हवे. ते थर्मोकपल, म्हणजे तारेच्या टोकाशी तापमान मोजणारे साधन, चिकटवून मोजा. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपलीकडे सहज जातो. शेवटी किती वाकणे चालेल हेही आधीच ठरवा, कारण ही मर्यादा ठरलेली नसेल तर चाचणीतून निर्णय निघत नाही.

पायरी २: पट्ट्या छापा

वर सांगितलेल्या मापाचीच, म्हणजे ८० × १० × ४ मिमीची पट्टी घ्या, कारण वाकण्याच्या चाचणीसाठी हे माप सर्वत्र वापरले जाते आणि पुढचे गणितही त्यामुळे सोपे होते. तीन प्रकारच्या पट्ट्या छापा. पहिल्या प्रकारात पट्टी आडवी छापून सगळ्या रेषा लांबीच्या दिशेने ठेवाव्यात. तुटक तंतू नोझलमधून बाहेर पडताना रेषेच्या दिशेला वळतात, त्यामुळे ही पट्टी सर्वांत ताठ निघते. दुसऱ्या प्रकारात आडव्या पट्टीत रेषा आलटूनपालटून ४५ अंशांनी तिरप्या ठेवाव्यात, कारण बहुतेक भागांचा गाभा असाच भरला जातो. तिसऱ्या प्रकारात पट्टी उभी छापावी, जेणेकरून वाकवताना थर एकमेकांपासून ओढले जातील. ही तिसरी पट्टी अनेक जण कंटाळा करून टाळतात, पण खरे म्हणजे तीच सर्वांत जास्त शिकवते. तंतुमिश्रित आणि साध्या फिलामेंटच्या उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी तपासल्या की फायबरचा फायदा कोणत्या दिशेला संपतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

प्रत्येक प्रकारच्या किमान तीन पट्ट्या असाव्यात आणि त्यांखेरीज एक जोडपट्टी, जिच्यावर कधीच भार द्यायचा नाही. तिचे काम पुढे येईल. जाडी व्हर्नियरने पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या. गणितात जाडीचा घन येतो, त्यामुळे जाडीतील २ टक्क्यांची चूक ताठरतेत ६ टक्क्यांची होते. तंतुमिश्रित फिलामेंट पितळी नोझल लवकर झिजवते, म्हणून कठीण पोलादाचे नोझल वापरा. पट्ट्या घासायच्याच असतील तर पाणी लावून आणि मास्क घालून घासा, म्हणजे कार्बनची धूळ उडणार नाही. सर्व पट्ट्या छापल्यानंतर सारखेच दिवस ठेवून मगच तपासा. ताजे प्लॅस्टिक मुरलेल्या प्लॅस्टिकपेक्षा अधिक सरकते.

पायरी ३: ओलाव्याचा निर्णय घ्या

पीएलए, पीईटीजी किंवा एबीएस असेल तर ही पायरी लवकर उरकते. नायलॉन असेल तर सगळा निकाल हीच पायरी ठरवते. नायलॉन ६ पाण्यात पूर्ण भिजले तर आपल्या वजनाच्या ९ ते १० टक्के पाणी धरते आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेतही अडीच ते तीन टक्के. हे पाणी रेणुशृंखलांमध्ये शिरून त्यांना सैल करते. कोरड्या नायलॉन ६ चे काच-संक्रमण तापमान ५० अंशांच्या आसपास असते, ओलाव्याने ते खोलीच्या तापमानापर्यंत आणि पूर्ण भिजल्यावर शून्याखाली उतरते. साध्या नायलॉन ६ ची ताठरता कोरड्या अवस्थेत सुमारे ३,००० मेगापास्कल असते आणि हवेतला ओलावा शोषल्यावर साधारण एक तृतीयांश उरते. तंतू ही घट कमी करतात, पण थांबवत नाहीत.

याचा अर्थ असा की एकच नायलॉनचा भाग रत्नागिरीच्या जुलैत आणि नागपूरच्या मे महिन्यात दोन वेगळ्या पदार्थांचा असल्यासारखा वागतो. नागपूरला तो ४५ अंशांत पण कोरडा असतो. रत्नागिरीला तापमान तिशीच्या आत असते, पण पदार्थ आतून सैल पडलेला असतो. कोकणात वापरायच्या भागाची चाचणी ड्रायरमधून नुकत्याच काढलेल्या पट्टीवर करून समाधान मानू नये. तेथील हवेत पट्टी काही आठवडे उघडी ठेवावी, दर दोन दिवसांनी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तिचे वजन करावे आणि वजन स्थिर झाल्यावरच चाचणीला घ्यावी. मात्र गरम पेटीत ती पुन्हा वाळू लागते, म्हणून चाचणीनंतरही वजन नोंदवावे. वजन घटले असेल तर ओल्या अवस्थेतील खरा क्रीप आपण मोजलेल्यापेक्षा जास्त आहे, असे धरून चालावे.

पायरी ४: चाचणीचा सांगाडा आणि गरम पेटी

जाड पोलादी पाटावर १० मिमी व्यासाच्या दोन पोलादी सळया अशा पक्क्या करा की त्यांच्या मध्यांमधील अंतर बरोबर ६४ मिमी राहील. पट्टी त्यांवर ठेवा. पट्टीच्या मध्यावर तारेचा किंवा पातळ पत्र्याचा आकडा अडकवून त्याला खाली वजन टांगा. आकडा धरून एकूण वजन १ किलो भरले पाहिजे. वजनाला लटकायला पाटाला मधोमध भोक लागेल. एका बाजूने पकडलेली, दुसरे टोक मोकळे असलेली पट्टी करायला सोपी असते, पण पकडीखालचे प्लॅस्टिकही दबत जाते आणि ते वाकण्यात मिसळते. म्हणून मी दोन आधारांचीच मांडणी सुचवतो.

वाकणे मोजायला ०.०१ मिमीचा डायल गेज, म्हणजे दांड्याची हालचाल तबकडीवर दाखवणारे साधन, पुरतो. त्याची स्प्रिंग मात्र सुमारे अर्धा ते दीड न्यूटन जोर लावते, आणि आपला भार आहे ९.८ न्यूटन. गेज किचनच्या काट्यावर दाबून हा जोर किती आहे ते आधी पाहा. शक्य असेल तर गेजचा दांडा एरवी उचलून ठेवा आणि वाचनापुरताच टेकवा.

पेटी प्लायवूडची करून आतून ॲल्युमिनियमचा पत्रा लावा. लहान हीटर, हवा फिरवणारा पंखा आणि तापमान नियंत्रक एवढे पुरे. थर्मोकपलचे टोक मात्र पट्टीला लागूनच असावे. हे यंत्र रात्रभर चालणार आहे, त्यामुळे हीटरच्या वाटेत जास्त तापल्यास वीज तोडणारा थर्मल फ्यूज असलाच पाहिजे, याबाबत तडजोड करू नका. घरात अन्न शिजवण्याचा ओव्हन यासाठी वापरू नये.

पायरी ५: आधी तापवा, मग भार द्या

हा क्रम उलटा झाला तर मोजमाप वाया जाते. ४० अंशांनी तापलेले १०० मिमी पोलाद सुमारे ०.०५ मिमी वाढते, आणि आपण मोजणार आहोत ते एकूण वाकणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणून पट्टी, सांगाडा आणि गेज तापमानाला आल्यावर दोन तास तसेच ठेवा, गेज शून्यावर आणा आणि मग वजन धक्का न देता टांगा. त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते.

वाचने १, २, ५, १०, २०, ५०, १०० मिनिटांना आणि पुढे याच पटीत घ्या. क्रीप सुरुवातीला वेगाने वाढतो आणि नंतर मंदावतो, त्यामुळे दर तासाला वाचन घेतले तर पहिला, सर्वांत बोलका भाग निसटतो. जोडपट्टी त्याच पेटीत सपाट ठेवलेली असू द्या. छपाईत गोठून राहिलेले ताण उष्णतेने मोकळे होतात आणि पट्टी भाराशिवायही आक्रसते किंवा मुरडते. जोडपट्टी मुरडली असेल तर भारित पट्टीच्या वाकण्यातील तेवढा हिस्सा क्रीपचा नाही, आणि अशा वेळी सर्व पट्ट्या आधी ॲनीलिंग करून, म्हणजे भाराविना ठरावीक तापमानाला काही तास ठेवून, चाचणी पुन्हा करणे योग्य ठरते.

पायरी ६: गणित

या मापाच्या पट्टीवर १ किलो वजनाने मध्यभागी येणारे प्रतिबल ५.९ मेगापास्कल असते. कोणत्याही क्षणाची क्रीप ताठरता काढायला १,००५ या संख्येला त्या क्षणीच्या मिलिमीटरमधील वाकण्याने भागा. उत्तर मेगापास्कलमध्ये येते. वाकणे ०.५ मिमी असेल तर ताठरता सुमारे २,०००, आणि वाढून १ मिमी झाले तर ताठरता निम्मी. पट्टीची जाडी किंवा रुंदी वेगळी असेल तर मूळ सूत्र वापरा: भार गुणिले आधारांमधील अंतराचा घन, भागिले चार गुणिले रुंदी गुणिले जाडीचा घन गुणिले वाकणे. भार न्यूटनमध्ये आणि मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत.

नंतर वाकणे आणि वेळ हे दोन्ही लॉग प्रमाणावर, म्हणजे दर दसपटीला सारखे अंतर ठेवून, मांडून आलेख काढा. मध्यम भाराखाली बिंदू बहुधा सरळ रेषेत येतात. समजा १ तासाला ०.६० मिमी, १० तासांना ०.७० मिमी आणि १०० तासांना ०.८२ मिमी वाकणे मिळाले. म्हणजे वेळ दसपट झाला की वाकणे सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. त्यावरून १,००० तासांना, म्हणजे सुमारे ४२ दिवसांना, ०.९६ मिमीची अपेक्षा धरता येते. मोजलेल्या काळाच्या दसपटीपलीकडे ही रेषा ओढू नये, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. बिंदू रेषेपासून वर वळू लागले तर तो धोक्याचा इशारा समजा: पदार्थात तडे जात आहेत किंवा थर सुटू लागले आहेत, आणि अशा भाराला तो भाग वापरूच नये.

वेळ वाचवण्यासाठी जास्त तापमानाला थोडा काळ चाचणी करून कमी तापमानाच्या दीर्घ काळाचा अंदाज बांधता येतो. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी १९५५ मध्ये मांडलेले समीकरण याच कामाचे आहे. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटसारख्या स्फटिकरहित प्लॅस्टिकला ही पद्धत चांगली लागू पडते. नायलॉन गरम पेटीत वाळते आणि पीएलए तापल्यावर स्फटिकरूप होऊ लागते, म्हणजे चाचणी चालू असतानाच पदार्थ बदलतो. त्यामुळे नवशिक्यांनी या दोघांसाठी तो मार्ग धरू नये.

पायरी ७: आकडा आराखड्यात उतरवा

आराखड्याच्या गणितात माहितीपत्रकातील ताठरतेच्या जागी आपण मोजलेली, आपल्या तापमानाची आणि आपल्या मुदतीची क्रीप ताठरता घाला. वाकणे मर्यादेबाहेर जात असेल तर महाग फिलामेंट मागवण्याआधी जाडी वाढवून पाहा: ४ मिमीऐवजी ५ मिमी केल्याने ताठरता जवळजवळ दुप्पट होते. नंतर छपाईची दिशा बदलून पाहा, म्हणजे कायमचा ताण थरांच्या पातळीत येईल. अखंड तंतू उपलब्ध असेल तर वाकणाऱ्या भागात तो वरच्या आणि खालच्या थरांत ठेवा. मध्यात घातलेला तंतू वाकण्याला फारसा अडवत नाही. एवढे करूनही भागत नसेल तर मूळ प्लॅस्टिकच बदलावे लागते. कार्बनमिश्रित पीएलएपेक्षा ६० अंशांवर साधे एएसए सरस ठरते.

पायरी ८: बोल्टची जागा आणि बसवल्यानंतरची देखरेख

पुष्कळदा भाग शाबूत राहतो आणि सैल पडतो तो बोल्ट, कारण डोक्याखालचे प्लॅस्टिक दबत जाते. बोल्टच्या भोकात भागाच्या जाडीएवढीच धातूची नळी बसवा, म्हणजे पिळण्याचा दाब प्लॅस्टिकऐवजी नळीवर येईल. ते जमत नसेल तर निदान रुंद वॉशर वापरा. स्प्रिंग वॉशरवर भिस्त ठेवू नका. गरम करून बसवायची पितळी नटपुळी (आतून आटे असलेली लहान नळी) भागाच्या मागील बाजूने बसवा, जेणेकरून बोल्ट तिला प्लॅस्टिकच्या आत ओढेल, बाहेर नाही.

भाग बसवला की बोल्टचे डोके आणि भाग यांवरून पेंटमार्करने एक सरळ रेघ ओढा आणि ब्रॅकेटच्या टोकापासून एखाद्या धातूच्या कडेपर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजून भागावरच लिहून ठेवा. हे अंतर एक दिवसाने, एक आठवड्याने, महिन्याने आणि नंतर पहिल्या उन्हाळ्याच्या व पहिल्या पावसाळ्याच्या अखेरीस पुन्हा मोजा. एक दिवस ते एक आठवडा या काळात झालेली वाढ आपल्या आलेखाशी जुळत नसेल, तर भागाचे खरे तापमान किंवा खरा भार आपण पायरी १ मध्ये लिहिल्यापेक्षा जास्त आहे. अशा वेळी थर्मोकपल पुन्हा लावून तेथूनच सुरुवात करावी.